वस्तादांच्या रबराची खोड मोडली

टायर रिमोल्डिंगच्या धंद्यात वस्तादांचा शब्द म्हणजे शिक्का. आपण चढवलेलं रबर रस्त्याला पुरून उरतं, असं ते स्वतःच सांगत. एवढं महत्त्वाचं काम दुसऱ्यावर सोडण्याइतके ते भोळे नव्हते.

कारखान्यामागे मात्र घासलेल्या रबराचा ढीग वाढत होता. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सूनबाई बुरशी वाढवून ते रबर कुजवायच्या खटपटीत होती. वस्तादांच्या धाकट्या भावाला ती शेड नव्या मशीनसाठी हवी होती. शेवटी ठरलं, महिनाभरात बुरशीनं काही करून दाखवलं नाही तर शेड रिकामी. परीक्षेला वस्तादांनी आपल्याच हातच्या रबराच्या पट्ट्या दिल्या. खा म्हणावं, दात असले तर.

एके सकाळी ते शेडमध्ये डोकावले. ओल्या लाकडी भुशावर मांडलेल्या पट्ट्यांना पांढरी लव आली होती. रबरावर घाण दिसली की आधी पेट्रोलचा बोळा फिरवायचा, ही हाताची जन्माची सवय. त्यांनी एकूण एक पट्टी लख्ख पुसली आणि सुनेला मदत केल्याच्या समाधानात तिला हाक मारली.

सूनबाई दारातच थबकली. "बाबा, ती घाण नव्हती. तीच तर कामाला लागली होती."

वस्तादांचं तोंड एवढंसं झालं. भाऊ म्हणाला, चला, निकाल आपोआप लागला. गप्प बसले असते तर वस्तादांच्या रबराचीही अब्रू राहिली असती. पण ते म्हणाले, "नुकसान माझ्या हातून झालंय. आजपासून तिला नवा महिना."

खालच्या भुशात बुरशी जिवंत होती. सुनेनं नव्या पट्ट्या मांडल्या. वस्ताद शेडजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जाऊ लागले.

मुदत भरली, तशी तिनं एक पट्टी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणली. मधला भाग टिकला, पण कडा शिळ्या भाकरीसारख्या भुरभुरल्या.

भाऊ हसला. "दादा, तुझं रबरच कच्चं निघालं."

"कच्चं? तुझी गाडी त्यावरच पळतेय. तिला विचार."

मग मशीनसाठी दुसरी जागा बघ, असं भावाला बजावून वस्तादांनी तो चुरा रुमालात बांधला आणि सरळ समोरच्या टायरवाल्याचं दुकान गाठलं.

"बघ," रुमाल सोडत ते म्हणाले, "माझं रबर मोडणारं कुणी जन्मलंच नाही म्हणायचो ना? जन्मलं होतं. सून होऊन घरी आलं."