स्वल्प थांबा

सोमवारी दुपारी चार वाजता दार वाजलं, तेव्हा वसुमतीबाई अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. तीन ठोके. सावकाश, मधे अंतर ठेवून. गुडघ्यावर हात टेकत उठून त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. लांबलचक पॅसेजमध्ये समोरच्या बिऱ्हाडाचे बूट तेवढे होते.

मंगळवारी पुन्हा चार वाजता, पुन्हा तीन ठोके. दार उघडून बंद केल्यावर त्यांच्या मनात आलं, की या घराला बेल आहे, बेलला कॅमेरा आहे, खाली गेटवर विचारल्याशिवाय माशीसुद्धा वर येत नाही. बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या या अकराव्या मजल्यावर हातानं दार वाजवायची वेळ येतेच कुणावर?

बुधवारी चारला पाच कमी असतानाच त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या. ठोके पडले, पण पाठीमागून. दिवाणखान्यातल्या कपाटावरून.

तिथं जुन्या पंचांगांच्या खाली त्यांचा टॅब होता. चौदा महिन्यांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता. नात स्मृती घरभरच्या वस्तू चार्ज करत फिरायची, तिनंच त्याला वायर लावून ठेवली असावी. बाईंनी तो खाली काढला. पडद्यावर बर्फ पडत होता. बर्फातल्या एका लाकडी घराचं दार बंद होतं, आणि दाराबाहेर राखाडी झग्यातला एक म्हातारा हात पाठीशी बांधून उभा होता. डोक्यावर त्याचं नाव तरंगत होतं. पेन्शनर.

पेन्शनर म्हणजे त्रिविक्रमराव. वसुमतीबाईंचे यजमान. त्यांचं वर्षश्राद्ध होऊन दोन महिने झाले होते.

बाईंनी टॅब पालथा घातला, वर पंचांगं ठेवली, त्यावर शेंगांची परात ठेवली, आणि देवासमोर जाऊन बसल्या. निरांजन लावायला काडी ओढली तर तीन काड्या मोडल्या.

त्या दोघांना चिनी मारामारीच्या सिनेमांचं वेड होतं, हे आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही. त्रिविक्रमराव घड्याळाच्या कारखान्यात. वसुमतीबाई चामराजपेटेतल्या कर्मठ घरच्या सून. सोवळं, एकादशी, सगळं यथासांग. पण लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी एका शनिवारी, मठात जाऊन येतो असं सासूबाईंना सांगून, दोघं कँटोन्मेंटातल्या एका थिएटरात शिरले. त्या सिनेमाचं नाव बाईंना आता आठवत नव्हतं. ओठ एक बोलायचे आणि इंग्रजी आवाज भलतंच, पण गोष्ट कळली. एक तरुण लढवय्या गुरूच्या दाराशी येतो, तीनदा दार वाजवतो. गुरू उघडत नाही. तो हात पाठीशी बांधून उभाच राहतो. बर्फ पडतो, खांद्यांवर साचतो, भुवयांवर साचतो. तीन दिवस. मग पुढं तलवारी, छपरांवरून उड्या, पाण्यावरून धावणं. लोकांनी शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं. घरी येताना त्रिविक्रमराव मात्र त्या दाराबद्दलच बोलत होते.

"मारामारी काय, कुणीही करेल, वसू. असं उभं राहता आलं पाहिजे."

पुढं त्यांनी असे कितीतरी सिनेमे पाहिले. मठाच्या नावानंच सगळे. म्हातारपणी मुलाकडे, रघुनंदनकडे, व्हाइटफील्डला राहायला आल्यावर त्यांना इथं ना ओळखीचा भाजीवाला, ना मठ, ना थिएटर. तेव्हा स्मृतीनं दोघांच्या टॅबवर हा खेळ घालून दिला. तोच चिनी मुलूख, त्याच तलवारी, शिवाय बगळ्यावर बसून आकाशातून फिरायचं. बाईंनी लाल झगा घेतला आणि नाव ठेवलं अक्का. महिन्याभरात अक्का अशा काही लढायला लागली, की ब्राझील का कुठली पोरं तिला आपल्या टोळीत बोलवायला लागली. पेन्शनर लढायचा नाही. डोंगरावर औषधी मुळ्या गोळा करायचा.

"अहो, राक्षस समोर उभा आहे आणि तुम्ही पाला काय तोडताय?"

"तू आहेस ना. मी पथ्याचं बघतो."

खेळात जोडप्याला घर मिळे. कुणी समुद्राकाठी घेत, कुणी फुलांच्या बागेत. त्रिविक्रमरावांनी बर्फात घेतलं. "दारात उभं राहायला बरं," म्हणाले. त्या घराचा नियम असा, की एकजण बाहेर असेल तर दुसऱ्यानं आतून दार उघडायचं. रोज चारच्या सुमाराला ते हॉलमध्ये खुर्चीत बसून आधी खेळ उघडत. बाई स्वयंपाकघरात चहा टाकत असत. पेन्शनर दार वाजवे, आणि त्रिविक्रमराव हॉलमधून हाक मारत, "वसू, दार उघड गं!"

आणि बाई आतून म्हणत, "आले, स्वल्प थांबा."

ही थट्टा होती, आणि ती तीस-पस्तीस वर्षं जुनी होती.

नव्वदीच्या सुरुवातीला बंगळूरात एक भूत फिरत होतं. ते घराघराशी येतं, घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, आणि जो दार उघडेल तो मरतो, असं सगळे म्हणत. उपाय एकच. दारावर लिहायचं, 'नाळे बा'. उद्या ये. भूत ते वाचतं, परत जातं, दुसऱ्या दिवशी येतं, पुन्हा वाचतं. चामराजपेटेत एकही दार सुटलं नव्हतं. सासूबाईंनीही खडूनं ठसठशीत कन्नड अक्षरांत लिहून ठेवलं होतं. एका संध्याकाळी सासूबाई बारा वर्षांच्या रघूला घेऊन प्रवचनाला गेल्या होत्या. त्रिविक्रमरावांची दुसरी पाळी, ते साडेदहाशिवाय यायचे नाहीत. साडेसातला पेटेतले दिवे गेले आणि पाठोपाठ दार वाजलं. तीन ठोके.

"वसू, दार उघड गं."

बाई देव्हाऱ्याला चिकटून बसल्या. आवाज त्यांचाच होता. म्हणूनच तर!

"वसू, मी आहे गं. कारखान्याचीही वीज गेली, सोडलं आम्हाला. सिनेमाला येतेस?"

बाईंनी रामरक्षा सुरू केली. बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग हसू. "अगं, नाळे कशाला? आजच आलोय!"

भूत हसतं असं शेजारणीनं सांगितलंच होतं. बाईंनी कानांत बोटं घातली. नऊ वाजता सासूबाई आल्या तेव्हा त्रिविक्रमराव पायरीवर बसलेले. "अरे, बाहेर का रे?" "अम्मा, तुझ्याच पाटीचा मान राखतोय." दीड तासात त्यांनी पुन्हा एकदाही दार वाजवलं नव्हतं. खिशात एका नव्या चिनी सिनेमाची दोन तिकिटं तशीच होती.

पुढं आयुष्यभर कुठल्याही दारात उभं राहिलं की ते बाईंकडे बघून भुवया उडवत.

आणि चौदा महिन्यांपूर्वी त्या दुपारीही चार वाजता हॉलमधून हाक आली. "वसू." एवढीच. पुढचं "दार उघड गं" आलं नाही. चहाला आधण आलं होतं, दूध उतू जायच्या बेतात होतं. बाई म्हणाल्या, "आले, स्वल्प थांबा." मग चहा गाळला, खारी काढली, ओटा पुसला. आठ मिनिटं, नाहीतर दहा. कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्रिविक्रमराव खुर्चीत होते, टॅब मांडीवर होता, आणि पेन्शनर बंद दारासमोर उभा होता.

रघुनंदन ऑफिसातून धावत आला तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या मांडीवरच गेले. तोंडात तुळशीचं पाणी घातलं, मग डोळे मिटले." एकदा सांगितलं, आणि मग तेच सांगावं लागलं. जावेला, विहिणीला, पिंडदानाला बसलेल्या आचार्यांना. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, शेवटचं पाणी तिच्या हातचं. बाई मान हलवत. शेवटच्या पाण्यावाचून गेलेला जीव दाराशी घोटाळत राहतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

गुरुवारी स्मृती घरूनच काम करत होती. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात तिला आठवड्यातून तीनच दिवस जावं लागे. चार वाजता ठोके पडले तेव्हा तिनं कानातला हेडफोन काढला. "आजी, हे काय वाजलं?"

"दार."

"आपलं?"

"नव्हे. आमचं."

स्मृतीनं परात उचलली, पंचांगं उचलली, टॅब सुलटा केला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. "अय्यो! हे कधीपासून?"

"सोमवारपासून."

"मग सांगायचं नाही का मला? एकटीच घाबरत बसलीस?" ती बाईंना चिकटून बसली, बोटांनी काहीबाही उघडून वाचत राहिली. "आजी, ऐक. हे आजोबा नाहीत. खेळात नवीन अपडेट आलंय. बरेच दिवस कुणी खेळलं नाही ना, तर त्याची छाया आपोआप खेळते. तो माणूस जे नेहमी करायचा तेच ती करते. म्हणजे सवय. फक्त सवय."

"कुठली सवय?"

"सगळ्यात जास्त वेळा केलेली. आहे बघ इथं." तिनं पुढं वाचलं. "दारात उभं राहणं. आजोबा रोज सरासरी नऊ मिनिटं दारात उभे असायचे. दार एकदाच वाजवायचे, परत नाही. काय गं आजी, एवढा वेळ उभं करायचीस त्यांना?"

ती हे हसवायला म्हणाली होती. बाईंचे हात मांडीत पडले.

"त्याला शेवटचा दिवस ठाऊक आहे का?"

"कुणाला?"

"या छायेला. त्या दिवशी कुणी दार उघडलं नाही, हे ठाऊक आहे?"

स्मृतीला कळेना. मग बाईंनी सांगितलं. दूध, खारी, ओटा, आठ नाहीतर दहा मिनिटं. तुळशीचं पाणी घातलं नव्हतं हेही सांगितलं. चौदा महिने तोंडात धरलेलं असं भराभर बाहेर पडलं, आणि मग खोलीत नुसता बर्फाच्या वाऱ्याचा आवाज राहिला, टॅबमधला.

"मला वाटलं थट्टाच करतायत," बाई म्हणाल्या. "रोजच्यासारखी. दोनदा हाक मारली असती तर गेले असते गं मी. पण ते दोनदा हाक मारायचेच नाहीत."

तुझी चूक नाही, असलं काही स्मृती म्हणाली नाही, हे बाईंना बरं वाटलं. शेवटी तिनं नाक पुसून विचारलं, "बंद करू? एक बटण आहे. छाया जाईल."

"कुठं जाईल?"

"कुठंच नाही, आजी. नसेल, एवढंच."

बाईंनी टॅब आपल्याकडे घेतला. खाली 'दार उघडा' असं लुकलुकत होतं. पेन्शनरच्या खांद्यांवर बर्फ साचला होता. तेवढं बोट पुढं न्यायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. स्मृतीनं घाई केली नाही.

दार उघडलं. पेन्शनर आत आला. त्यानं अक्काकडे पाहिलं नाही, रागानंही नाही, मायेनंही नाही. झग्यावरचा बर्फ झटकला, चुलीपाशी बसला, गोळा केलेल्या मुळ्या तिच्यापुढं ठेवल्या, दोन वाट्यांत चहा ओतला. एक स्वतःपुढं, एक समोर. बाई पुढं वाकल्या. आता काहीतरी म्हणेल.

तो उठला. दार उघडून बाहेर गेला, दार ओढून घेतलं. बाहेर हात पाठीशी बांधून उभा राहिला.

ठक. ठक. ठक.

"लूप आहे तो, आजी," स्मृती दबक्या आवाजात म्हणाली. "असाच करत राहणार. उघडलंस तरी, नाही उघडलंस तरी. मला नाही बघवत. बंद करू या."

"नको."

"अगं, रोज हे ठोके ऐकणार तू?"

बाईंनी घराच्या दारावर बोट ठेवलं. तिथं एक कोरी पाटी होती, नाव लिहायची. जोडपी तिथं काय काय लिहीत. या दोघांनी कधी काही लिहिलं नव्हतं. बाईंनी अडखळत एकेक अक्षर उमटवलं. 'नाळे बा'.

छायेला वाचता येत नव्हतं. बर्फ पडत राहिला, ती उभीच राहिली. बाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला नाही, कुणी हसलंही नाही. बाई तरीही बराच वेळ कान देऊन बसल्या होत्या.

शुक्रवारी स्मृती ऑफिसच्या कॅबनं गेली. चारला पाच कमी असताना वसुमतीबाईंनी टॅब कपाटावरून काढून हॉलमधल्या त्या रिकाम्या खुर्चीत, पाठीला टेकवून उभा ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. सवयीनं दोघांचा. आधण आलं, दूध कडेला चढायला लागलं, आणि हॉलमध्ये दार वाजलं.

तीन ठोके.

"आले," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन शब्द जिभेवर आलेच होते. ते त्यांनी गिळले, गॅस बंद केला, फुलपात्रात पाणी घेऊन त्यात तुळशीचं पान टाकलं, आणि चहा तसाच ठेवून हॉलकडे निघाल्या. गुडघे धरले होते तरी जमेल तेवढ्या लगबगीनं.