दोन वेण्या

त्या सकाळी मोठ्या बाईंच्या टेबलावर दोन वेण्या पडल्या होत्या, रिबिनीसकट. एक जाड, एक बारीक. दोन्ही मानेच्या अंदाजाने कचकन कापलेल्या. ऑफिसात उभ्या असलेल्या प्रत्येकाची नजर भिंतीवर, घड्याळावर, खिडकीवर होती. टेबलाकडे मात्र कुणाला बघवत नव्हतं.

मोठ्या बाई म्हणजे आधारगृहाच्या अधीक्षिका. नवऱ्याच्या मारापासून जीव वाचवून, पोरांना काखोटीला मारून बाहेर पडलेल्या बायकांना इथे आसरा मिळायचा. छप्पर मिळायचं, जेवण मिळायचं, वकील मिळायचा. आजवर इथे चोऱ्यामाऱ्या झाल्या नव्हत्या असं नाही, पण असला प्रकार पहिलाच.

गुन्हेगार भिंतीला चिकटून उभी होती. वय नऊ. एका जागी स्वस्थ बसणं ठाऊक नाही म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणत. कात्री होती तिच्या आईची. आई पार्लरमध्ये केस कापायची, आणि घर सोडताना कपड्यांच्याही आधी तिने पिशवीत टाकली होती ती ही कात्री. हातात कसब आहे तोवर कुणापुढे हात पसरायची वेळ येणार नाही, एवढी एकच गोष्ट तिला त्या दिवशी सुचली होती.

वेण्या होत्या शेजारच्या खोलीतल्या दोघी बहिणींच्या. त्यांची आई, म्हणजे शेजारीण, तावातावाने बोलत होती. तिच्या नवऱ्याने माफी मागितली होती, चार वडीलधारे मध्ये पडले होते, रविवारी तो बायको-मुलींना घ्यायला येणार होता. आता या असल्या अवतारात पोरींना कसं न्यायचं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आणि मग ती ते बोलली, जे आपल्यापैकी कितीतरी जण अगदी सहज बोलून जातात.

“बापावर गेलीय ही. रक्तच तसलं, दुसरं काय होणार.”

भिंगरीच्या आईने मान हलवली. समोरच्याचा आवाज चढला की तिची मान आपोआप हलायची. संसारात ही एक कला मात्र तिच्या चांगलीच अंगवळणी पडली होती. पण या वेळी नुसती सवय नव्हती. तिला ते मनापासून पटलं होतं. हल्ली पोरगी दार आपटायची ती अगदी त्याच्यासारखी. धाकट्या मुलांवर डोळे वटारायची तेही तसेच. दार आपटलं की आई दचकायची, आणि आपल्याच लेकीची भीती वाटते याची लाज वाटून ती तोंड फिरवायची.

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. त्यांनी शांतपणे तोडगा सुचवला. मुलीला निवासी शाळेत घालायचं. फी संस्था भरेल. आईला जवळच्याच पार्लरमध्ये काम मिळतंय, तिने ते धरावं, आधी स्वतः सावरावं. सोमवारी गाडी येईल. दोघींच्याही भल्याचंच आहे, असं म्हणत त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईची मान पुन्हा हलली.

दुपारी खोलीत भिंगरी आपले कपडे स्वतःच घड्या घालून पिशवीत ठेवत होती. रडत नव्हती. आदळआपट नाही, हट्ट नाही. नऊ वर्षांचं पोर इतकं शहाण्यासारखं वागायला लागलं की मोठ्यांनी घाबरावं. सगळी पिशवी भरून झाल्यावर तिने आईकडे पाहिलं.

“मी गेले की तुला बरं वाटेल ना?”

आई तशीच उठली आणि जिना चढून वर डॉक्टरमावशींच्या खोलीत गेली.

इथे आधारगृहाची एक रीत सांगायला हवी. बायकांची समुपदेशनाची सत्रं वरच्या मजल्यावर व्हायची. तेवढा वेळ मुलं खाली खेळघरात, आणि तिथे टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवलेला. मुलांसमोर ‘तो विषय’ काढायचा नाही, असा मोठ्या बाईंचा कडक नियम होता. कोवळ्या कानांवर काही पडू नये, हा त्यामागचा चांगला हेतू. आया वर रडून घ्यायच्या, तोंड धुवायच्या आणि हसऱ्या चेहऱ्याने खाली यायच्या. मुलं टीव्ही बघायची आणि काहीही विचारायची नाहीत. या शिस्तीचं बाहेर मोठं कौतुक होतं.

डॉक्टरमावशींना मात्र या कौतुकाचं काडीचं कौतुक नव्हतं. मानसोपचाराच्या डॉक्टर, साठी उलटलेली, जिभेला हाड नाही. या नियमावरून त्यांचे आणि मोठ्या बाईंचे कितीदा खटके उडाले होते, आणि दर वेळी मावशींना हार खावी लागली होती. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, तिने वेण्या का कापल्या?

सकाळपासून सगळ्यांनी तेच विचारलं, पण ती तोंड उघडत नाही, असं आई म्हणाली.

“ते विचारणं नव्हतं, खडसावणं होतं. तुम्ही विचारलंत का?”

तो विषय आईला पोरीसमोर काढायचाच नव्हता. पोरीने काही पाहिलेलं नाही, तेवढं तरी चांगलं तिच्या वाट्याला राहू दे. ते सगळं व्हायचं तेव्हा ती झोपलेली असायची, असं आई म्हणाली.

“भांडी फुटायची, शेजारी जागे व्हायचे,” मावशी म्हणाल्या, “आणि त्याच खोलीतलं पोर तेवढं गाढ झोपायचं? बाई, मार तुम्हा दोघींना एकाच घरात बसला. औषध मात्र आम्ही दोन मजल्यांवर देतोय. तुम्ही तिच्यासाठी गप्प, ती तुमच्यासाठी गप्प, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणतो.”

“पण मावशी, तिने काही विचारलं आणि मला झेपलं नाही तर?”

“नाही झेपलं तर मी आहे. रडाल, चिडाल, पुन्हा बसाल. त्या माणसाने तुमचं माहेर तोडलं, काम तोडलं, मैत्रिणी तोडल्या. एक लेक तेवढी राहिली. ते उरलेलं काम सोमवारी आपण पुरं करायचं का?”

हे शब्द आईच्या जिव्हारी लागले. ती तडक खाली आली, खेळघरात गेली आणि तिने टीव्ही बंद केला. एकदम इतकं शांत झालं की मुलं दचकून तिच्याकडे बघायला लागली. कोपऱ्यात भिंगरी बसली होती. आई तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने लेकीला खरोखरच विचारलं.

भिंगरी चटईचे धागे उपसत राहिली. मग पुटपुटली, “त्यांचे बाबा रविवारी न्यायला येणार आहेत.”

“मग?”

“केस लांब असले की पकडता येतं.”

त्या दोघींनी तुला कापू कसे दिले, असं आईने कसंबसं विचारलं.

“त्या आपणहून बसल्या. धाकटी म्हणाली, अजून आखूड कर.”

“हे तुला कुणी सांगितलं, केसांचं?”

“तू आरशासमोर तुझे कापलेस ना तेव्हा. मला म्हणालीस, उकडतं म्हणून कापले.” भिंगरीने पहिल्यांदाच मान वर केली. “तेव्हा थंडी होती, आई.”

बापावर गेलेली म्हणे! ही पोर आईवर गेली होती. जीव वाचवायचा जो एकच उपाय आईला करताना तिने पाहिला, तोच तिने दुसऱ्या दोन मुलींसाठी केला. आणि आपण सगळी शहाणीसुरती माणसं तिला शिक्षा ठोठावून मोकळी झालो होतो.

आईने तिला जवळ ओढलं. मग डोळे पुसून आई म्हणाली, “ऐक. चूक केसांची नव्हती. माझ्याही नाही, त्यांच्याही नाही. चूक पकडणाऱ्या हाताची होती. आता आपण कुणीच केस कापायचे नाहीत. वाढवायचे.”

आणि भिंगरीचा हात धरून ती ऑफिसात गेली.

मोठ्या बाई आणि शेजारीण दोघी तिथेच होत्या. आईने बसायला नकार दिला. आवाज थरथरत होता, पण तिने तो खाली येऊ दिला नाही. वेण्या का कापल्या गेल्या ते तिने सांगितलं, धाकटी काय म्हणाली तेही सांगितलं. मग म्हणाली, “माझी मुलगी कुठेही जाणार नाही. सोमवारची गाडी परत पाठवा. आणि यापुढे माझं सत्र वर होणार नाही. जिथे माझी लेक बसेल तिथे मी बसेन. हे चालत नसेल तर आम्ही दोघी निघतो. घर सोडायची आम्हाला सवय आहे.”

मोठ्या बाईंनी नियमाची आठवण करून दिली. त्यांचाही आवाज जरा चढलाच. पण या वेळी आईची मान हलली नाही.

शेजारीण मटकन खुर्चीत बसली. ‘अजून आखूड कर’ हे शब्द ती स्वतःशीच पुटपुटत होती. मघाचा सगळा ताव उतरला होता. ती उठली आणि आपल्या पोरींकडे गेली. रविवारी तिचा नवरा फाटकाशी आला, बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला आणि रिकाम्या हाताने परत गेला.

त्याआधी, वेण्यांच्या त्याच दिवशी संध्याकाळी, मोठ्या बाई स्वतः डॉक्टरमावशींकडे गेल्या होत्या. इतकी वर्षं ज्या मुद्द्यावर त्या हटून बसल्या होत्या, तो सोडणं सोपं नव्हतं. “मुलांचे कान झाकावेत म्हणून मी टीव्ही लावला,” त्या म्हणाल्या, “त्यांची तोंडंही बंद होतायत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.” मावशी एरवी टोमणा मारायची संधी सोडत नसत. त्या दिवशी त्यांनी सोडली.

आता त्या आधारगृहात आया आणि मुलं एकाच खोलीत बसतात. कधी एकत्र, कधी वेगवेगळं, पण दार एकमेकांसाठी उघडं. कुणी चित्रं काढतं, कुणी भांडतं, कुणी नुसतंच बसतं. हे काम संथ आहे आणि गोड तर मुळीच नाही. पहिल्याच दिवशी भिंगरी उठून उभी राहिली आणि ओरडली, “तू आधी का नाही निघालीस? मी कधीच झोपलेली नसायचे!” बाकीच्या बायकांनी श्वास रोखला. आईला वाटलं, पळून जावं. पण ती पळाली नाही आणि तिने लेकीला गप्पही केलं नाही.

“घाबरले होते,” ती म्हणाली. “तुला कळतच नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले. ते चुकलं माझं.”

वाचकहो, मार खाल्लेल्या घरातलं एखादं पोर दार आपटताना, अंगावर धावून जाताना तुम्हालाही दिसेल. तुमच्या शाळेत, इमारतीत, कदाचित नात्यातही. ‘बापावर गेलंय’ हे शब्द जिभेवर आले तर गिळून टाका. त्या पोराला त्याच्या आईपासून तोडून कुणाचंही भलं होत नाही. जखम दोघांना एकत्र झाली आहे, ती भरायचीही एकत्रच. त्या दोघांना बसायला जागा द्या, वेळ द्या, आणि मग जे ऐकायला मिळेल ते ऐकायची हिंमत ठेवा.

भिंगरी अजूनही अधूनमधून तोच प्रश्न विचारते, का नाही निघालीस. आई दर वेळी हातातलं काम बाजूला ठेवते, तिच्यासमोर बसते आणि म्हणते, “विचार. हवं तितक्यांदा विचार.”