घरचा दाणा

उंबरवाडीला खासदाराचं मत आहे, आमदाराचं आहे, सरपंचाचं तेवढं नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ही मूठभर घरं खालचं गाव सोडून डोंगरात वर सरकली, आणि सरकली ती कागदावरनंच बाहेर पडली. ना ह्या ग्रामपंचायतीत, ना त्या. दिल्लीत कोण बसावं ते वाडीला विचारतात. रस्त्यावर मुरूम कोण टाकणार, पाणी कोण सोडणार, ते मात्र विचारत नाहीत. आता दिल्लीवाला काय मुरमाची पाटी घेऊन इथं येणार आहे?

पण वाडीही हट्टाची. खाली सरपंचाची निवडणूक लागली की आदल्या दिवशी वर वाघजाईच्या देवळात स्वतःचं मतदान घ्यायची. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायचं, हात जाईल एवढी फट ठेवायची, आणि दर घरानं मुठीतला एक दाणा आत सोडायचा. एका उमेदवाराला तांदूळ, दुसऱ्याला नाचणी. दाणा घरच्या शेतातलाच हवा, दुकानातला देवी मानत नाही. खालचे लोक आधी फिदीफिदी हसायचे. मग दर खेपेला मडकं म्हणेल तोच निवडून यायला लागला आणि हसणं थांबलं. आता खालची कुंपणावरची माणसं वरचा कौल ऐकूनच बटण दाबतात.

यंदा तांदूळ स्नेहलचा होता आणि नाचणी रखमाजीची. स्नेहल खालच्या गावची सून, बचत गट चालवणारी. वाडीला ग्रामपंचायतीत घेतल्याशिवाय गप्प बसणार नाही, असं तिनं घरोघर येऊन सांगितलं होतं. रखमाजीनं काहीच कबूल केलं नव्हतं. त्याला गरज काय? वाडीचा चढ झेपणारी एकच गाडी होती, ती त्याची जीप. ॲम्ब्युलन्स फाट्यापर्यंत यायची, पुढं नाही. गेल्या पावसाळ्यात सगुणाबाईच्या नवऱ्याला मण्यार चावली. रखमाजीच्या प्लॉटच्या कुंपणावरून तो नुकताच त्याच्याशी भांडला होता. जीप नेमकी तेव्हाच बिघडली. लोकांनी त्याला घोंगडीच्या झोळीतून फाट्यावर नेलं, पण तोवर त्याचं बोलणं बंद पडलं होतं; तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी जीप सुरू झाली.

हे सगळं ठाऊक असूनही फुलाबाईनं तांदूळ टाकला. तिची सून राजनंदिनी दिवस भरलेली होती. मूल पायाळू आहे, घरी काही करू नका, कळ आली की सरळ भोरच्या दवाखान्यात आणा, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. मुलगा बंडू पुण्यात टेम्पोवर. म्हणजे कळ आली की जीप, आणि जीप म्हणजे रखमाजी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये एवढी अक्कल फुलाबाईला होती. पण झाकल्या मडक्यात कुणी काय टाकलं ते देवीशिवाय कुणाला कळतंय? आणि नातवानं तरी असं दुसऱ्याच्या गाडीवर जीव टांगून का जगावं? तिनं हात घातला, दाणा सोडला आणि समाधानानं घरी आली.

घरी येऊन तिनं पेजेसाठी मडकीतला तांदूळ सुपात ओतला. तांदूळ तांबडा होता. अख्ख्या वाडीत आता पांढरं भात पिकतं. बाळंतिणीच्या पेजेसाठी म्हणून तांबड्याचा एक वाफा फक्त फुलाबाई लावते. सकाळी घाईत तिनं ह्याच मडकीत हात घातला होता.

ती तशीच देवळाकडं पळाली. मडक्यापाशी तिचा थोरला दीर गेनबा राखण बसला होता.

"भावजी, माजा दाना काढू द्या. चूक झाली."

"खुळी का काय तू? टाकलेला दाना काढत न्हाईत."

"तांबडा हाय वो त्यो! रखमाजीला कळंल. पोरीला कळा आल्या तर मी कुनाच्या पाया पडू?"

गेनबा खाली मातीकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "समद्यांनी तांदूळच टाकलाय. येवड्या पांढऱ्यात एक तांबडा कोन बघतंय? जा, भिऊ नगंस."

ती परत आली, पण भीती काही गेली नाही. राजनंदिनी पाठ चोळत उंबऱ्यात बसली होती. तिच्याकडं बघवेना, आणि तिला सांगितल्याशिवाय राहवेना. फुलाबाईनं सगळं सांगून टाकलं. राजनंदिनी पोटावर हात ठेवून ऐकत राहिली.

दुपारी नैवेद्य झाला आणि मडकं उघडायला सगळे जमले. तेवढ्यात चढावर जीप घुरघुरली. रखमाजी नारळ घेऊन उतरला. "देवीच्या दर्शनाला आलोय, तुमचं चालू द्या," म्हणाला आणि अगदी पुढं येऊन बसला.

गेनबानं घोंगडी पसरून मडकं पालथं केलं. नाचणी पडली. आणखी नाचणी पडली. फुलाबाई पांढरा दाणा शोधत होती. एकही नव्हता. तिच्या ओट्यावर बसून स्नेहलचं नाव घेणाऱ्यांनी, अगदी सगुणाबाईनंसुद्धा, नाचणी टाकली होती. भीती काय एकट्या फुलाबाईलाच होती? सगळ्यात शेवटी, मडक्याला चिकटलेला तांबडा तांदूळ घोंगडीवर पडला.

रखमाजीनं तो बोटावर घेतला. "ह्यो कुनाच्या वाफ्यातला?" त्यानं अगदी गोडीनं विचारलं.

कुणी मान वर केली नाही. तेवढ्यात मागून, देवळाच्या खांबाला टेकून उभी असलेली राजनंदिनी बोलली.

"आमचा हाय. म्याच टाकायला सांगितला आत्याबाईंना."

ते खोटं होतं. फुलाबाईला रडू फुटलं.

रखमाजीनं सुनेकडं, तिच्या पोटाकडं बघितलं. दाणा घोंगडीवर टाकून त्यानं हात झटकले. "जीपचा क्लच लई तरास देतोय बगा. आज ग्यारेजला टाकतो. चार-आठ दिस लागतील." एवढं बोलून तो जीप घेऊन उतरणीला लागला.

जीप निघून गेली तरी कुणी हललं नाही. फुलाबाई गेनबासमोर जाऊन उभी राहिली. "तुमी तांदूळ म्हनला व्हता, भावजी."

"भ्यालो गं," गेनबा म्हणाला. "आमी समदेच भ्यालो."

मग तो उठला. त्यानं घोंगडी उचलून झटकली, कौलाची सगळी नाचणी अंगणात उडाली. "दोन बांबू आना रं, जाड बगून. कळा येस्तोवर थांबायचं न्हाई. आत्ताच न्यायची पोरीला. फाट्यावर गाडी बोलवा." सगुणाबाईनं घोंगडीचं एक टोक धरलं. गाठ तिनंच मारली. तिच्या नवऱ्याला ह्याच घोंगडीतून नेलं होतं.

राजनंदिनी झोळीत बसली. बाप्यांनी बांबू खांद्यावर घेतले. पेजेच्या तांदळाचं गाठोडं पोटाशी धरून फुलाबाई शेजारून चालू लागली. वाट निसरडी, खडी सुटलेली. झोळीला हिसका बसला की ती एका हातानं सावरायची. पुरुष दर वळणाला खांदा बदलायचे.

खालच्या वळणावर जीप उभी होती. रखमाजी बॉनेटला टेकून त्यांच्याकडंच बघत होता, कोण कोण खांदा देतंय ते. बांबूखालचे पाय अडखळले. झोळी थबकली.

"थांबू नगा," फुलाबाई म्हणाली.

गेनबानं खांद्यावरचा बांबू सावरला, आणि जीपच्या अगदी जवळून झोळी पुढं गेली.