पायऱ्यांवरचे देव

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ढुंढिराज टेंबे यांना ऑपरेशनसाठी आत नेलं. डावा पाय कापायचा होता. कुठून, ते आत गेल्यावर ठरणार होतं. गुडघा राहिला तर पुढेमागे मांडी घालून पाटावर बसता येईल. गुडघा गेला, तर चाळीस वर्षांचं पौरोहित्य संपलं.

आनंदीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी मुलगी हिमानी, बँकेतून सुट्टी काढून आलेली.

काशीतल्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घरातून ढुंढिराज रोज पंचगंगा घाटावर स्नानाला जात. पूर्वी ओला पंचा खांद्यावर टाकून सगळ्या पायऱ्या एका दमात चढून येत. दोन वर्षांपूर्वी ते पिंपळाखालच्या मारुतीपाशी थांबायला लागले. भिंतीला हात टेकायचा, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, मग पुढे. काही महिन्यांनी त्याच्या अलीकडच्या गणपतीपाशीही. गेल्या पावसाळ्यापासून वळणावरच्या शेंदूर फासलेल्या बिननावाच्या दगडालाही नमस्कार व्हायला लागला.

काशीत दर वीस पावलांवर देव. कुणाला काय वाटणार?

"अहो, तेहतीस कोटींपैकी आज किती झाले?" चहा देताना आनंदीबाई विचारायच्या.

"थोडे उद्याला ठेवलेत," ते म्हणायचे.

शेजारची बकुळ म्हणाली, "काकू, काका तर साधूच झाले हो!" आनंदीबाईंना ते इतकं आवडलं, की हळदीकुंकवाला त्यांनी चार घरी सांगितलं.

मार्गशीर्षात डाव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. हळद भरली. माघ आला तरी जखम भरेना. अंगठा काळा पडला, तेव्हा हिमानी त्यांना दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला, घोट्यापाशी जेमतेम लागला. मग त्यांनी आनंदीबाईंना विचारलं, "माताजी, चालताना मध्ये थांबायचे का?"

"थांबायचे की," त्या हिंदीत उत्साहाने म्हणाल्या. "आधी फक्त मारुतीला. मग गणपतीला. मग..."

तिसरा देव सांगेपर्यंत डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं.

"पोटरीत कळ यायची म्हणून थांबायचे ते. पायाची रक्तवाहिनी बुजत चालली होती. साखर, त्यात तंबाखू. मारुतीपाशी थांबायला लागले तेव्हाच आला असता, तर..." सोमवारी फुगा घालून वाहिनी उघडून पाहिली. उघडली नाही.

आज सकाळी स्ट्रेचर यायच्या आधी आनंदीबाईंनी एकदाचं विचारलं.

"अहो, दुखत होतं तर बोलला का नाहीत?"

"वय झालं म्हणून दुखतंय, वाटलं."

"मग मी देवाचं म्हणत होते, तेव्हा तरी..."

"तू केवढी खूश असायचीस गं." ते छताकडे बघत होते. "पण थांबलोच आहे, तर हात जोडायचो. ते खोटं नव्हतं."

आनंदीबाईंनी त्यांच्या उजव्या पायावर चादर ओढली. डाव्या पायाला हात लावायचा धीर झाला नाही.

"आई, खाऊन घे कुछ," हिमानी आता म्हणाली.

"हिमे, मी मोजत होते गं. रोज वरून खिडकीतून बघायचे. आज कितीदा थांबले, ते मोजायचे आणि मनात म्हणायचे, आज एक जास्त."

"तुला काय मालूम होतं, आई."

"मलाच तर माहीत होतं. सगळे देव मला पाठ होते."

हिमानीने डब्याचं झाकण परत लावलं.

एक वाजून पाच मिनिटांनी दार अर्धं उघडलं. "टेंबेजी के साथ कौन है?" नर्सने विचारलं. दोघी उठल्या. आणखी एका कागदावर सही हवी होती.

"गुडघा?" आनंदीबाईंनी विचारलं.

"डॉक्टर साहब बताएंगे."

सही हिमानीने केली. तिने कागद वाचला की नाही, हे आनंदीबाईंनी विचारलं नाही. दार लागलं.

पावणेदोनपर्यंत कुणी बाहेर आलं नव्हतं.