दोनशे अठराव्या पानावरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. वय विचाराल तर जेमतेम आठ वर्षे. पण माझ्या पानांचे कोपरे मऊ पडले आहेत, पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरे पुसली आहेत आणि पाठीवर आमटीचा एक डाग आहे. आम्हा ग्रंथांचे म्हातारपण वापरावर ठरते. तसे पाहिले तर मी चांगलाच पिकलो आहे आणि अगदी मजेत आहे.

माझ्यात ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्राचा एक भाग आहे. आधी दीडशे स्तोत्रे, मग येशूच्या जीवनाची चार शुभवर्तमाने. अक्षरे मात्र हरभऱ्याएवढी टपोरी, कारण मी थकलेल्या डोळ्यांसाठी जन्मलो.

बेंगळुरूमध्ये मराठी ख्रिस्ती लोकांची एक छोटी मंडळी आहे. शिवाजीनगरच्या एका जुन्या चर्चमध्ये सकाळी तमिळ आणि कन्नड उपासना आटोपल्या की दुपारी तीनला यांची उपासना सुरू होते. मुलाबाळांच्या मागे या शहरात आलेल्या म्हाताऱ्यांना बारीक अक्षरे दिसेनात, म्हणून मंडळीने मला छापायचे ठरवले. छपाईपूर्वी मजकूर तपासायचे काम रत्नाकर मास्तरांकडे आले. ते श्रीरामपूरला मराठीचे शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर लेक-जावयाकडे राहायला आले होते. त्यांची लेक स्मिता बोम्मसंद्राच्या औषधांच्या कारखान्यात माल तपासण्याच्या विभागात होती. नात मैत्रेयी दहा वर्षांची. दीड वर्षापूर्वी पुणे सोडून आली होती आणि पुण्याच्या मैत्रिणींचे फोन आता कमी झाले आहेत, हे कोणाला सांगत नव्हती.

मी तेव्हा छापखान्यातून तपासणीसाठी आलेल्या सुट्या कागदांचा गठ्ठा होतो. मास्तर जेवणाच्या टेबलावर मला पसरत, ओळीखाली फूटपट्टी धरत आणि एकेक शब्द तपासत. मैत्रेयी शेजारी बसून प्रश्न विचारी. एकदा तिने विचारले, "आजोबा, देव एकच आहे ना? मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कोण?"

मास्तरांनी चष्मा काढला. "देव एकच. तीन देव नाहीत. पण पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. तिघंही देव, आणि देव एकच. शास्त्र एवढं सांगतं, म्हणून मी एवढं सांगतो."

"पण हे जमतं कसं?"

"ते मला पुरतं उलगडलं असतं तर देव माझ्या डोक्याएवढाच झाला असता. बरं, तू मला सांग. जग नव्हतं, माणसं नव्हती, तेव्हा देव काय करत होता?"

"एकटा बसला असेल. बोअर झाला असेल."

"एकटा कधीच नव्हता. पिता पुत्रावर प्रीती करत होता, पुत्र पित्यावर, आणि पवित्र आत्मा त्यांच्यासोबत होता. म्हणजे प्रीती करायला देव आपल्यामुळे शिकला नाही. आपण नव्हतो तेव्हाही ती होती. ते त्याचं स्वरूपच आहे."

मैत्रेयी म्हणाली, "म्हणजे आपण त्या प्रेमात नंतर आलो."

"हो. बोलावलं म्हणून आलो," मास्तर म्हणाले आणि फूटपट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

माझी छपाई यशवंतपूरला झाली. छापखान्याचे मालक नरसिंहराव. त्यांचे घराणे शेकडो वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. त्यांच्या मराठीत निम्मे कन्नड मिसळलेले असे. यंत्राच्या खडखडाटात आम्ही पाचशे भाऊ एका आठवड्यात जन्मलो. बाहेर बाजारात कांद्याच्या गाड्या उतरत होत्या. आमच्या कोऱ्या पानांना शाईबरोबर थोडा कांद्याचाही वास लागला. शिवाजीनगरच्या एका कारागिराने आम्हाला दोऱ्याने शिवले, पुठ्ठा चढवला, आणि खोक्यांत भरून आम्ही मंगळवारी स्मिताच्या घरी पोचलो. रविवारी उपासनेत आमचे समर्पण होणार होते आणि मैत्रेयी एक स्तोत्र वाचणार होती. सरावासाठी तिने वरच्या खोक्यातून जी प्रत उचलली, ती मी.

गुरुवारी संध्याकाळी ती मोठ्याने वाचत होती. देवनागरी तिला शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, पण वाचन संथ, एकेका शब्दावर पाय रोवत. दोनशे अठराव्या पानाच्या तळाशी ती थांबली. पान उलटून पाहिले, परत मागे आली.

"आजोबा, देव आपल्याला टाकून देणार आहे?"

मास्तर स्वयंपाकघरात चहा गाळत होते. "असं कुठे लिहिलंय?"

"इथे."

मास्तरांनी तिथूनच ते वाक्य पाठ म्हणून दाखवले. परमेश्वर आपल्या लोकांना सोडणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते.

"पण 'नाही' इथे छापलेलंच नाहीये," मैत्रेयी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

मास्तर आले. फूटपट्टी धरली. दुसरी प्रत उघडली, तिसरी, सहावी. सगळीकडे तेच. अक्षरे मोठी करताना ती ओळ पानाच्या चौकटीत मावली नव्हती आणि शेवटचा शब्द खाली जाऊन लपला होता. पाचशे प्रतींमध्ये देव आपल्या माणसांना सोडून देणार होता.

"मी चार वेळा वाचलं," मास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "चारही वेळा मला तो शब्द दिसला."

"नसलेला शब्द?"

"पाठ आहे ना. डोळ्यांनी सोडलं ते मनानं भरून काढलं. तुला पाठ नव्हतं, म्हणून तुला खरं काय ते दिसलं."

मित्रांनो, मला तोंड लपवायला जागा नव्हती. ज्याच्यासाठी जन्मलो ते वाक्यच मी उलटे सांगत होतो.

स्मिता कामावरून आली आणि तिने पान पाहिले. "बाबा, आमच्याकडे लेबलवर एक डॉट चुकला तरी अख्खी बॅच रिजेक्ट होते. इथे तर मीनिंगच उलटं झालंय. हे असं कोणाच्या हातात देता येणार नाही."

मास्तरांना ते पटले होते. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

शुक्रवारी सकाळी नरसिंहराव स्कूटरवरून आले. त्यांनी पान उजेडात धरून वाचले. मग म्हणाले, "चूक माझ्या छापखान्याची, अण्णा. सगळ्या प्रती परत न्यायला लावतो. लगदा करून टाकू. नव्या छापून देतो, स्वल्प वेळ द्या. दीड महिना."

लगदा म्हणजे काय ते मला छापखान्यातच कळले होते. पाण्यात भिजवून, कुटून, पुन्हा कोरा कागद. मैत्रेयीने मला छातीशी धरले होते. तिने विचारले, "ह्यात बाकी सगळं बरोबर आहे ना?"

"बाकी बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

नरसिंहराव थबकले. "आमच्या घरी आजोबांच्या पोथ्या आहेत," ते सावकाश म्हणाले. "नक्कल करताना शब्द राहिला की लिहिणारा तिथे खूण करायचा आणि समासात तो शब्द घालायचा. तेवढ्यासाठी पोथी टाकलेली मी पाहिली नाही."

"पण अंकल, लोक विचारतील," स्मिता म्हणाली. "शास्त्रात चूक नसते म्हणता, मग ही काय?"

मास्तर पहिल्यांदाच ताठ बसले. "विचारू देत. वचन देवाचं आहे. त्यानं माणसांना प्रेरणा दिली आणि त्यांच्याकडून ते लिहवून घेतलं. कागद, शाई आणि माझे डोळे हे आपले. जुन्या काळी हातानं नकला करायचे तेव्हाही हात चुकायचा, म्हणून तर एक प्रत दुसरीशी ताडून पाहायचे. माझ्या चुकीनं देव बदलला नाही, स्मिता. तो काल होता तसाच आज आहे. चूक आपण झाकली तर पाप होईल. दाखवून दुरुस्त करू."

तरी एक शंका होतीच. हाताने दुरुस्त केलेला ग्रंथ लोकांना कमीपणाचा वाटला तर? म्हणून त्यांनी करुणाबाईंना फोन लावला. करुणाबाई मंडळीतल्या सर्वांत वडील, मूळच्या जालन्याच्या. सहा महिने त्या माझी वाट पाहत होत्या. मास्तरांनी सगळे सांगितले आणि नव्या प्रतींना दीड महिना लागेल म्हणाले.

"रत्नाकर," पलीकडून स्पष्ट आवाज आला, "मी ब्याऐंशी वर्षांची आहे. मला दीड महिना सांगू नकोस. शब्द तुम्ही लिहा, मी वाचते."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जो दिवस उगवला, तसा आनंदाचा दिवस मी क्वचितच पाहिला आहे. स्मिताने कारखान्याची सगळी शिस्त तिथे आणली. एका टेबलावर लिहिणारे, दुसऱ्यावर तपासणारे, तिसऱ्यावर पुन्हा तपासणारे. "दोन टिक असल्याशिवाय एकही कॉपी बाहेर जाणार नाही," असे ती सगळ्यांना बजावत होती. न पुसणाऱ्या शाईची पेने वाटली गेली. संगणकावर काम करणारी तरुण मंडळी आली. त्यांतल्या एकाने कबूल केले की पेनाने मराठी लिहून त्याला बारा वर्षे झाली आहेत, आणि आधी रद्दी कागदावर वीस वेळा 'नाही' गिरवले. नरसिंहराव टोपलीभर मद्दूर वडे घेऊन आले. वडे ठेवून झाल्यावर ते दाराशीच घुटमळले.

"मी लिहिलेलं चालेल का, अण्णा? मी तुमच्या मंडळीतला नाही."

"या, बसा," मास्तर म्हणाले. "तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"सरी, लिहितो," म्हणत नरसिंहरावांनी बाह्या सारल्या आणि दुपारपर्यंत साठ प्रती लिहिल्या.

माझी पाळी आली तेव्हा पेन मैत्रेयीच्या हातात होते. तिने श्वास रोखला. 'ना' छान आला. 'ही' लिहिताना हात हलला आणि वेलांटी वरच्या ओळीला जाऊन टेकली. तिने मान वर करून पाहिले. मास्तर म्हणाले, "राहू दे. वाचता येतंय." शेवटी तिने पूर्णविराम दिला, तोही जरा मोठाच. मला गुदगुल्या झाल्या आणि मग फार हलके वाटले.

प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर मास्तरांनी एक चिठ्ठी चिकटवली. कोणत्या पानावर कोणता शब्द राहिला होता आणि तो हाताने लिहिला आहे, एवढेच तिच्यात होते. खाली त्यांनी स्वतःची सही केली.

रविवारी उपासनेत ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर आपली चूक सांगू लागले. पान, ओळ, शब्द, सगळे सांगून झाल्यावर ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. तेव्हा पहिल्या बाकावरून करुणाबाई म्हणाल्या, "मास्तर, कळलं. आता बसा आणि पोरीला वाचू द्या." सगळा हॉल हसला, मास्तरही हसले. मैत्रेयीने वाचले. तळाच्या ओळीला आली तेव्हा तिचा आवाज मोठा झाला, आणि म्हाताऱ्यांचे आवाज कोणी न सांगता तिच्या आवाजात मिसळले. उपासना संपल्यावर दोन मुली तिच्याजवळ आल्या आणि पुढच्या रविवारी येणार का, म्हणून विचारू लागल्या.

मी करुणाबाईंच्या वाट्याला आलो. रोज चार वाजता त्या मला मांडीवर घेत. शेजारच्या गंगव्वा ऐकायला येत. त्यांना तेव्हा मराठी येत नव्हती आणि करुणाबाईंचे कन्नड मोडके. तरीही हरवलेले मेंढरू शोधायला गेलेल्या मेंढपाळाची गोष्ट दोघींनी एका दुपारी अशी रंगवली की गॅसवरची आमटी करपली. तो डाग त्याच धांदलीतला.

मग एक काळ असा आला की करुणाबाईंच्या नातवाने, शंतनूने, प्रेमापोटीच मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काचेच्या कपाटात ठेवले. "आजी, खराब होईल. फोनवर ऐक ना." फोन छान वाचतो, मी त्याच्यावर रुसलो नाही. पण अकरा महिने कोणाचे बोट लागले नाही आणि माझी पाने एकमेकांना चिकटू लागली. एक दिवस करुणाबाई म्हणाल्या, "शंतनू, फोन पुढे पळतो रे. मला मधेच थांबायचं असतं." त्याने कात्री आणली आणि प्लॅस्टिक कापले.

तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघाली. तिच्यात तो शब्द छापलेला होता. स्मिता आणि मैत्रेयी घरोघरी नव्या प्रती घेऊन गेल्या. ज्यांना हवे त्यांनी बदलून घेतले. करुणाबाईंनी नवी प्रत उघडली, दोनशे अठरावे पान काढले, वाचले आणि मान हलवली.

"आता बरोबर आहे. ही एखाद्या नव्या माणसाला दे."

"तुम्हाला नको, आजी? जुन्या प्रतीतलं माझं अक्षर किती वाईट आहे."

"तुझ्या अक्षराची सवय झालीय मला," त्या म्हणाल्या आणि मला परत मांडीवर घेतले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात ज्या ग्रंथाला तुम्ही पवित्र मानता, त्याला काचेआड ठेवून त्याची पूजा करू नका. त्याला उघडा. सावकाश वाचा. पाठ असलेली ओळही पहिल्यांदा भेटल्यासारखी वाचा. आमची पाने फाटली तर चिकटवा, शिवण सुटली तर शिवून घ्या. आणि छापणाऱ्याची एखादी चूक सापडली, तर न लाजता मोठ्या माणसांना दाखवा.

आता मला थांबले पाहिजे. चार वाजले आहेत. नव्वद वर्षांच्या करुणाबाई घरभर चष्मा शोधत आहेत आणि गंगव्वा दारातूनच सांगत आहेत, "अक्का, डोक्यावर आहे."