खोटी उसळी

"हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?" रविराज सरांनी आलेखांचे तीन कागद तिच्या टेबलावर आपटले.

"कुणी नाही," शर्मिला म्हणाली. "नेहमी करते तसं केलं."

"उद्या पेपर पाठवायची शेवटची तारीख आहे. आज सुचलं तुम्हाला?"

शर्मिला खरवंडीकर एका संशोधन संस्थेत संगणक सहायक. सव्वीस वर्षं तोच हुद्दा. शास्त्रज्ञांनी समीकरणं द्यायची, हिने ती मोठ्या संगणकावर चालवून आकडे परत द्यायचे. बदल्यात पेपरच्या शेवटी बारीक अक्षरांत आभार, तेही दोनदा चुकीच्या आडनावाने. या वेळी मात्र सरांनी आपण होऊन तिचं नाव लेखकांत घातलं होतं. तिसरं. कोथरूडच्या सोसायटीत तिच्या नवऱ्याने, बाळने, लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगितलं होतं.

विषय होता कोसळणाऱ्या ताऱ्याचा. इंधन संपलं की मोठा तारा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. गुरुत्वाकर्षणाची जुनी समीकरणं म्हणतात, तो एका बिंदूत संपतो. सरांनी त्यांत क्वांटम सिद्धांताची एक छोटी दुरुस्ती घातली, आणि तारा ठरावीक आकारापर्यंत आकसून थांबला, उलट बाहेर उसळला. सगळा पेपर त्या उसळीवर उभा होता.

संगणकाला अखंड तारा झेपत नाही, त्याचे तुकडे पाडून द्यावे लागतात. शर्मिलाची सवय अशी, की उत्तर आलं की तुकडे निम्म्या आकाराचे करून तेच गणित पुन्हा चालवायचं. उत्तर खरं असेल तर जागचं हलत नाही. हे हललं. तुकडे निम्मे केले, तर तारा निम्म्या आकारावर जाऊन उसळला. आणखी निम्मे केले, तर आणखी निम्म्यावर. म्हणजे तारा एका तुकड्याएवढा उरला की गणितच बिघडत होतं आणि आकडे उलटे फिरत होते.

"क्वांटम गुरुत्वाकर्षण आहे हे, शर्मिलाबाई," सर हसले. "आपण बीएस्सी ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षं यांच्या चुका गुपचूप निस्तरल्या, तेव्हा कुणी डिग्री विचारली नव्हती.

"बीएस्सीच," ती म्हणाली. "म्हणून तिसरा आलेख नीट बघा. त्यात मी तुमची दुरुस्ती शून्य ठेवली आहे. तारा तरीही उसळतो. मग दुरुस्तीने केलं काय?"

सरांनी तो कागद उचलला. बराच वेळ पाहिला. त्यांना कळलं, हे तिला स्पष्ट दिसलं. त्याचाच तिला जास्त राग आला, कारण त्यांनी कागद पालथा ठेवला.

"शेवटी एक वाक्य टाकू. अचूकतेची तपासणी पुढच्या कामात करू म्हणून. तुमचंही नाव आहे त्यात, विसरू नका."

"ते काढा."

"पुन्हा घालणार नाही."

"काढा म्हटलं ना, सर."

"बरं. आभारात ठेवतो."

"तिथूनही काढा. चुकीच्या कामाबद्दल माझे आभार नकोत."

सरांनी तिथेच लॅपटॉप उघडला आणि नाव खोडलं, मागच्या स्वल्पविरामासकट. ओळ जवळ सरकली. तिथे कधी तिसरं कुणी होतं असं वाटेना.

दुपारी तिने नवऱ्याला फोन केला.

"अगं, पण चूक त्यांची होती ना?" बाळ म्हणाला. "तुझं नाव येत होतं तर येऊ द्यायचं. आता मी लोकांना काय सांगू?"

"जे सांगायचं ते सांगा," म्हणून तिने फोन ठेवला. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही संताप येत होता.

निघताना तिने तिन्ही आलेख पुन्हा छापले आणि चहाच्या खोलीबाहेरच्या फलकावर लावले.

सकाळी फलकावर नुसत्या टाचण्या होत्या. पेपर गेल्याचं सरांचं पत्र सगळ्यांना आलं होतं.

शर्मिलाने पर्स खांद्यावरून न काढताच आलेख परत छापले आणि त्याच टाचण्यांनी लावले. या वेळी खाली पेनने लिहिलं, "चूक सापडल्यास हे कागद काढावेत. न सापडल्यास पेपर मागे घ्यावा." त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं, उरलेल्या जागेत मावेल तेवढ्या मोठ्या अक्षरांत.