कोऱ्या सिलिंडरचं रबर

नेरेइदाने ब्रेकचा सिलिंडर मांडीवर आडवा धरला आणि तोंडाची कडी काढायला पिशवीतून पातळ चिमटा काढला.

"थांब, बाई," जुने सुटे भाग विकणारा उबाल्दो खुर्चीतून अर्धा उठला. "सत्तर वर्षं बंद डब्यात, मेणकागदात निजलेला माल आहे. खोलला की जुना झाला. मग कोण घेणार?"

"मीच घेणार, काका. पण आतलं बघून."

"गाडीवाले बाप्येसुद्धा बघत नाहीत."

"म्हणून तर मला झोप नाही."

परवा डोंगरात, तोपेसच्या उतारावर, तिच्या नवऱ्याच्या, एलिसेओच्या, तितक्याच जुन्या टॅक्सीचा ब्रेक पायाखाली बुडाला होता. गाडीत आठ माणसं. त्याने कड्याला अंग घासत गाडी थांबवली, घरी येऊन हात धुतले, निमूट जेवला. तिला कळलं ते शेजारणीकडून. कोरा सिलिंडर बसल्याशिवाय गाडी डोंगरावर नेणार नाही, असं त्याने कारिदादमाउलीच्या तसबिरीपुढे कबूल केलं होतं. आज सकाळी तो ताचोच्या गॅरेजात कार्बोरेटर धुवायला म्हणून गेला. त्याच्या चालढकलीवर सोडलं तर महिना जाईल, म्हणून ती इकडे आली.

कुकरच्या रिंगा बदलून देणं हा तिचा धंदा. कपाटात पडून राहिलेली कोरी रिंग वापरातल्या रिंगेआधी दगा देते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

कडी सुटली. दट्ट्या बाहेर आला. लोखंड कसं आरशासारखं लखलखीत. त्यावरची रबराची वाटी तिने चिमटीत हलकेच दाबली.

वाटीचा भुगा झाला.

उबाल्दोने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"डबा तर बंद होता," तो म्हणाला.

"रबराला काय कळतंय, काका, डबा बंद आहे का उघडा. दुसरा दाखवा."

फळीवर तसले चार डबे होते. उबाल्दोने हात उचलला नाही.

"सकाळी यातलाच एक गेला," तो म्हणाला. "मोठा घाईचा गडी. म्हणाला, बायकोनं धास्ती घेतलीय, तिला सांगायच्या आधी बसवून टाकतो. एलिसेओ नाव."

तिने फोन काढला. रबराच्या भुग्याने काळ्या झालेल्या बोटांनी नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ताचो बोलला.

"अहो वहिनी, आता निवांत झोपा. नवाकोरा सिलिंडर बसवलाय."

"खोलून बघितलास?"

"कोरा माल कुणी खोलतं का? पेडल कसं दगडासारखं लागत होतं. वर जाणारे सात जण दाराशी ताटकळलेच होते. शीळ घालत गेला बघा."

"कधी?"

"झाले की दोन तास. एव्हाना उतरायला लागला असेल." मग तो हसला. "काय हो वहिनी, एवढ्यात आठवण?"

तिने एलिसेओचा नंबर लावला. वर डोंगरात फोन लागत नाही, हे ठाऊक असून पुन्हा लावला.

उबाल्दो दारात जाऊन उभा राहिला. तिथून डोंगर दिसत होता. रस्ता दिसत नव्हता.